टाउन हॉलची सोडत

संस्थेचा इतिहास लिहिताना पैशाचं प्रकरण मागच्या पानांवर टाकायची आपल्याकडे रीत आहे. आधी संस्थापक, मग ध्येयधोरणं, मग मान्यवरांच्या भेटी आणि सगळ्यांत शेवटी, जाहिरातींच्या अलीकडे, देणगीदारांची यादी. एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबईचा इतिहासही असाच अनेकदा सांगून झाला आहे : मॅकिन्टॉश, एल्फिन्स्टन, भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी, काणे. त्यात खोटं काही नाही. पण फोर्टमधल्या ज्या टाउन हॉलात ही संस्था जवळजवळ दोनशे वर्षं नांदते आहे, त्या इमारतीच्या पायात लॉटरीचा पैसा आहे, ही गोष्ट त्या इतिहासात एका ओळीत उरकली जाते. ग्रंथालयाच्या पायात नशिबाचा खेळ असणं कुणाला थोडं अवघड वाटत असेल. मला ते फारच मुंबईचं वाटतं. म्हणून या वेळी इतिहास खजिनदाराच्या बाजूने लिहितो.

सुरुवात मात्र फोर्टात नाही, परळला होते. आज जिथे हाफकिन इन्स्टिट्यूट आहे, ती वास्तू त्या काळी गव्हर्नरचा बंगला होती. त्याही आधी ते ख्रिस्ती पाद्र्यांचं ठिकाण होतं. १८०४ साली सर जेम्स मॅकिन्टॉश मुंबईच्या न्यायालयाचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, होऊन आले, तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी आपलं परळचं घर त्यांना राहायला दिलं. मॅकिन्टॉश हे नाव तेव्हा लंडनमध्ये गाजलेलं. फ्रेंच राज्यक्रांतीवर एडमंड बर्कने टीका केली, तिला उत्तर देणारं पुस्तक त्यांनी १७९१ मध्ये लिहिलं होतं. असा माणूस समुद्र ओलांडून इथे आला आणि त्याला पहिली उणीव जाणवली ती बोलायला माणसं नसण्याची. व्यापारी होते, लष्करी अधिकारी होते, डॉक्टर होते. पण एकत्र बसून काही वाचावं, लिहावं, वाद घालावा अशी जागा नव्हती. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या त्या घरात काही मंडळी जमली आणि ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. जमलेल्यांत खुद्द डंकन होते, बडे व्यापारी चार्ल्स फोर्ब्स होते. चिटणीसपद विल्यम अर्स्किन यांच्याकडे आलं. ते पुढे मॅकिन्टॉश यांचे जावई झाले. बाबरनाम्याच्या इंग्रजी भाषांतरावर त्यांचं नाव आहे.

जमलेले सगळे गोरे होते, हेही इथेच नोंदवून ठेवायला हवं. माणेकजी करसेटजी यांच्या रूपाने पहिला हिंदी सभासद आत यायला १८४० साल उजाडावं लागलं.

पहिला खर्च पुस्तकांचा. मुंबईतल्या काही डॉक्टरांनी एक वैद्यकीय आणि साहित्यिक ग्रंथालय चालवलं होतं, ते संस्थेने १८०५ मध्ये विकत घेतलं. पुस्तकं आली, पाठोपाठ हस्तलिखितं, नाणी, दगड, कोरीव लेखांच्या नकला यायला लागल्या. आता हे सगळं ठेवायचं कुठे? मुंबईत जागेचा प्रश्न आजचा नाही! १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टात मोठी आग लागून कोटाच्या आतली वस्ती होरपळली होती. सार्वजनिक म्हणता येईल अशी इमारत शहरात जवळजवळ नव्हती. १८११ मध्ये मॅकिन्टॉश यांनी कल्पना मांडली, की ग्रंथालय, संग्रहालय आणि सभा यांना एकत्र सामावून घेणारी एक भव्य इमारत शहराने उभारावी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डंकन वारले आणि नोव्हेंबरात मॅकिन्टॉश मायदेशी परतले. कल्पना मागे राहिली, पैशाचा पत्ता नव्हता.

तेव्हा सोडत काढायचं ठरलं. आज वाचताना हे विचित्र वाटतं, पण त्या काळातल्या इंग्रजाला त्यात वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. टेम्स नदीवरचा वेस्टमिन्स्टर पूल लॉटरीच्या पैशातून झाला होता. १७५३ मध्ये पार्लमेंटने ब्रिटिश म्युझियमचा कायदा केला, तेव्हा हान्स स्लोन यांचा संग्रह विकत घ्यायला आणि तो ठेवायला जागा मिळवायला लॉटरीच काढली होती. म्हणजे संग्रहालयं आणि ग्रंथालयं नशिबाच्या तिकिटांवर उभी करण्याचा धडा राजधानीनेच घालून दिला होता. आपल्याकडेही कलकत्त्याने तो आधीच गिरवला होता. तिथला टाउन हॉल १८१३ मध्ये पुरा झाला तो सोडतीच्या पैशावर. पुढे १८१७ मध्ये तर कलकत्त्यात खास लॉटरी कमिटीच नेमली गेली आणि तिच्या पैशातून रस्ते झाले, तलाव झाले. कर लावला की लोक ओरडतात, वर्गणी मागितली की तोंड चुकवतात, पण तिकीट मात्र आपण होऊन घेतात, हे कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांना चांगलंच ठाऊक होतं.

इंग्लंडातली तेव्हाची लॉटरी कशी चालत असे, ते समजून घेण्यासारखं आहे. तिकिटांची संख्या आधीच ठरलेली असे. ती सगळी खपली तर किती रक्कम येईल आणि त्यातली किती बक्षिसांत जाईल, हे जाहीर करत. दोन मोठी चाकं असत. एकात तिकिटांचे आकडे, दुसऱ्यात बक्षिसांच्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढत जायची. एका बाजूने आकडा पुकारला जाई, दुसऱ्या बाजूने ‘कोरी’ किंवा बक्षिसाची रक्कम. हे काम दिवस न् दिवस चाले. अख्खं तिकीट परवडत नसे त्यांच्यासाठी अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश असे हिस्से विकले जात. आपल्याकडे चाळीत पाचजणांनी मिळून एक दिवाळी बंपर घ्यावा, तसलाच हा प्रकार.

आता खजिनदाराच्या नजरेने पाहू. समजा, १०० रुपयांचं एक अशी १,००० तिकिटं काढली. सगळी खपली तर हातात १ लाख. पण यातला बराचसा पैसा बक्षिसांच्या रूपाने परत द्यावा लागतो. तो दिला नाही, तर पुढच्या खेपेला कोणी तिकीट घेत नाही. छपाई, विक्रेत्यांची दलाली, सोडत काढण्याचा खर्च वेगळा. शेवटी ज्या कामासाठी एवढा खटाटोप केला, त्या कामाला लाखातले दहा-पंधरा हजार पडले तरी पुष्कळ झालं. म्हणजे १ लाख रुपयांची इमारत बांधायची, तर सात ते दहा लाख रुपयांची तिकिटं खपायला हवीत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबई ही जेमतेम दोन लाख वस्तीची, आणि तीत तिकीट घेण्याची ऐपत असणारे किती असणार? लॉटरीने धर्मकार्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाची या गणिताशी गाठ पडते. वर्गणीत दिलेला रुपया जवळजवळ रुपयाच राहतो. तिकिटाचा रुपया कामाला पोचेपर्यंत दीड-दोन आण्यांवर येतो. मग तरीही संस्था लॉटरी का काढतात? कारण ज्याने वर्गणीत एक पैसाही दिला नसता, तो तिकिटाला पाच रुपये देतो.

टाउन हॉलचं नेमकं हेच झालं. सोडतीने काम सुरू करण्याइतका पैसा उभा राहिला, पुरं करण्याइतका राहिला नाही. प्रत्यक्ष बांधकाम सुरू व्हायला १८२१ साल लागलं, म्हणजे मॅकिन्टॉश यांनी कल्पना मांडल्यावर दहा वर्षं. आराखडा कंपनीच्या लष्करातले इंजिनियर कर्नल टॉमस काउपर यांचा. ग्रीक मंदिराच्या धर्तीवरची इमारत, दर्शनी भागाला डोरिक शैलीचे खांब आणि रस्त्यापासून चढत जाणाऱ्या ३० पायऱ्या. काउपर १८२५ मध्ये वारले. काम थांबत, चालत, पुन्हा थांबत राहिलं. शेवटी कंपनी सरकारने उरलेला भार उचलला आणि बदल्यात इमारतीत सरकारी कचेऱ्यांसाठी जागा मागितली. सगळं पुरं व्हायला १८३३ उजाडलं. एकूण खर्चातला मोठा भाग अखेर कंपनीच्या तिजोरीतून गेला.

सरकारी मदतीबरोबर जागेचा हिस्साही जातो, हा करार तेव्हापासूनचा. एकाच छपराखाली सरकार आणि संस्था राहत असल्यामुळे झालेल्या कुरबुरी जुन्या सभासदांना आठवत असतील. त्या इथे उगाळत नाही.

खांबांची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. हे खांब इंग्लंडहून जहाजाने आले. पहिल्यांदा आलेले काही खांब इमारतीला फारच मोठे झाले, आणि ते भायखळ्याच्या ख्राइस्ट चर्चला दिले गेले असं सांगतात. ते चर्च आजही उभं आहे. सोडतीच्या पैशावर चाललेल्या कामात खांबांचं माप चुकावं, यात त्या वेळच्या हिशेबनिसाची काय अवस्था झाली असेल याची कल्पना कोणत्याही संस्थेच्या बांधकाम समितीवर काम केलेल्याला येईल.

इमारतीचं काम चालू असतानाच संस्थेचंही रूप पालटत होतं. अर्स्किन यांचा घारापुरीच्या लेण्यांवरचा लेख ज्यात आला, तो संस्थेच्या निबंधांचा पहिला खंड १८१९ मध्ये लंडनला छापला गेला. १८२३ मध्ये लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटी निघाली, तिच्याशी जोडून घेऊन आपली संस्था १८३० च्या सुमारास तिची मुंबई शाखा झाली आणि त्याच सुमारास टाउन हॉलात राहायला आली. पुढे समोरच्या मोकळ्या मैदानावर एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचं हॉर्निमन सर्कल, आखलं गेलं. १ नोव्हेंबर १८५८ रोजी राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. ज्या कंपनीने या इमारतीचा खर्च पुरा केला, तिचं राज्य संपल्याची घोषणाही तिथूनच झाली.

आत शिरलं की पुतळे भेटतात. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, जॉन माल्कम, चार्ल्स फोर्ब्स हे शिल्पकार चॅन्ट्री यांच्या हातचे. जमशेटजी जीजीभाई आहेत. गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट, आपले नाना, आहेत. ज्यांनी नाव लावून दिलं, ते सगळे संगमरवरात बसले आहेत. ज्यांनी तिकिटं घेतली, त्यांच्यातल्या कोणाचंही नाव या इमारतीत कुठे कोरलेलं नाही, आणि माझ्या मते त्यात अन्यायही नाही. त्यांना काही ग्रंथालय उभारायचं नव्हतं. त्यांना बक्षीस हवं होतं, ग्रंथालय त्यातून अनायासे उभं राहिलं. लॉटरीने होणाऱ्या दानात देणाऱ्याच्या मनात दान नसतं. तरीही काम होतं. ही गंमत धर्मादाय हिशेबात कोणत्या खात्यावर मांडायची, हे ठरवणं कठीण आहे.

नशिबाच्या खेळातून पैसा काढावा का, या प्रश्नावर आपल्या परंपरेत फार पूर्वी वाद झाला आहे आणि तो ज्यांनी सविस्तर मांडला, ते याच ग्रंथालयाचे वाचक होते. गिरगावात आंग्रेवाडीत राहणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे हायकोर्टातली वकिली सांभाळून वर्षानुवर्षं इथे येत. त्यांचा ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा पाच खंडांचा ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात निघाला आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. धर्मशास्त्रातल्या व्यवहाराच्या अठरा पदांत ‘द्यूतसमाह्वय’, म्हणजे जुगार आणि पैजा, हे एक पद आहे. मनूचा द्यूताला कडवा विरोध. राजाने ते राज्यातून समूळ घालवावं, असं तो सांगतो. याज्ञवल्क्य आणि नारद यांची भूमिका वेगळी : राजाच्या देखरेखीखाली, नेमलेल्या सभिकाच्या, म्हणजे अड्डा चालवणाऱ्याच्या, हाताखाली खेळ चालू द्यावा आणि राजाने आपला वाटा घ्यावा. याज्ञवल्क्याने शंभरावर पाच असा सभिकाचा दरही सांगितला आहे. कौटिल्यानेही द्यूताध्यक्ष नेमून शेकडा पाच वसूल करायला सांगितलं आहे. बंदी घालावी, की परवाना देऊन त्यातून राज्याचा वाटा काढावा, हा विधानसभेत आजही रंगणारा वाद इतका जुना आहे. काण्यांनी तो मांडताना वापरलेल्या कितीतरी पोथ्या आणि पुस्तकं कौटिल्याच्या बाजूने निकाल देणाऱ्या एका इमारतीत होती.

इंग्रजांचा निकाल मात्र पुढे फिरला. इंग्लंडातली शेवटची सरकारी लॉटरी १८२६ मध्ये निघाली. लोक घर विकून तिकिटं घेतात, असा ओरडा तिथे झाला होता. कलकत्त्याची कमिटी १८३६ मध्ये गुंडाळली गेली. १८४४ च्या पाचव्या कायद्याने सरकारची परवानगी नसलेल्या सगळ्या लॉटऱ्या बंद झाल्या. १८७० मध्ये दंडसंहितेत २९४-अ हे कलम आलं आणि सरकारी किंवा सरकारमान्य नसलेल्या सोडतीची कचेरी चालवणं हा गुन्हा ठरला. म्हणजे आपल्या संस्थेची इमारत ज्या वाटेने आली, ती वाट तिच्यामागून येणाऱ्यांना बंद झाली.

तरी मुंबईकराची नशीब अजमावायची हौस काही कायद्याने थांबली नाही. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले आणि शहर शेअरांच्या सट्ट्यात बुडालं. त्या उधाणात प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी २ लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी सगळा फुगा फुटला. प्रेमचंद बुडाले. आपल्या संस्थेचे आधारस्तंभ डॉ. भाऊ दाजी यांनाही जबर फटका बसला. पण विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. मुंबईतली दोन मोठी ग्रंथालयं, एक सोडतीच्या पैशावर निघालेलं आणि दुसरं सट्ट्याच्या. ती एकमेकांपासून चालत वीस मिनिटांच्या आत आहेत.

लॉटरीची वाट बंद झाल्यावर गिरगाव-दादरच्या संस्थांनी आपली वाट शोधली ती नाटकाच्या तिकिटाची. मदतीचा प्रयोग ही गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. शाळेची इमारत, वाचनालयाचं कपाट, पूरग्रस्त, आजारी नट, कशासाठीही एक प्रयोग लावायचा आणि तिकिटं घरोघर खपवायची. या प्रकाराचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात झालेला संयुक्त ‘मानापमान’. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. त्या काळात शंभर रुपयांपर्यंत तिकीट लावूनही लोक तुटून पडले. केशवराव त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेले, त्यामुळे ती रात्र पाहिलेले लोक आयुष्यभर तिच्याविषयी बोलत राहिले. हिशेबाच्या दृष्टीने पाहिलं, तर मदतीच्या प्रयोगात प्रेक्षकाला आपल्या पैशाचा मोबदला त्याच रात्री, प्रत्येकाला, पदरात पडतो. सोडतीत तो एकाला मिळतो आणि बाकीचे खिशातलं तिकीट फाडतात. मराठी संस्थांनी नाटकाची वाट धरली यात कायद्याचा धाक होता, पण सुज्ञपणाही होता.

स्वातंत्र्यानंतर घटनेने सरकारी लॉटरी केंद्राच्या सूचीत टाकली आणि जुगार-पैजा राज्यांच्या. मुंबई राज्याने १९४८ मध्येच लॉटरी आणि बक्षिसांच्या स्पर्धांवर कायदा केला होता. या कायद्याचं प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातली बक्षिसांची शब्दकोडी मुंबईत खपत असत. ‘मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला’ या खटल्यात १९५७ मध्ये न्यायालयाने जुगार हा व्यापार नव्हे, त्याला व्यापाराच्या मूलभूत हक्काचं संरक्षण नाही, असा निर्णय दिला. निकाल लिहिताना जगभरची आणि आपल्या शास्त्रांतलीही जुगारनिंदा विचारात घेतली गेली. मनू पुन्हा एकदा साक्षीला आला तो असा.

आणि मग १२ वर्षांनी महाराष्ट्र सरकारनेच दुकान मांडलं. केरळने १९६७ मध्ये राज्य लॉटरी काढली होती. महाराष्ट्राची लॉटरी १२ एप्रिल १९६९ रोजी सुरू झाली. तेव्हा गिरणगावात मटक्याचं राज्य होतं. परळ, लालबाग, काळाचौकीच्या नाक्यांवर आकडा कोणता आला हे गिरणीच्या भोंग्याइतकंच नेमाने कळत असे. लोकांनी पैसा लावायचाच असेल तर तो बेकायदा अड्ड्यावर न जाता सरकारी तिजोरीत यावा, असा यामागचा विचार. कौटिल्याचाच म्हणा ना. दादर स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांवर दोरीला टांगलेली तिकिटं, निकालाचे कागद, आकडे ताडून पाहणारी माणसं, हे चित्र आज पन्नाशी-साठीत असलेल्या कोणालाही नवं नाही. मटका त्यामुळे संपला का? नाही. पण दिवसाचा पगार हातात असलेल्या माणसाला नशीब आजमावण्याची एक उघड जागा मिळाली.

हा पैसा नेमका कुठे जातो, हे मात्र तिकीट घेणाऱ्याला दिसत नाही. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यानुसार तिकीटविक्रीचा पैसा राज्याच्या सार्वजनिक लेख्यात जमा व्हावा लागतो. तिथून तो इतर पैशात मिसळतो. टाउन हॉलच्या सोडतीचं तिकीट घेणाऱ्याला निदान पायऱ्या वर चढताना दिसत होत्या. केरळने याबाबतीत वेगळं काही केलं. २०११ मध्ये त्यांनी ‘कारुण्य’ नावाची लॉटरी काढली आणि तिचं उत्पन्न गरीब रुग्णांच्या मोठ्या आजारांवरील उपचारांसाठीच्या निधीला जोडलं. पोर्तुगीजांच्या अमलात गोव्यात सांता काझा दा मिझेरिकोर्दिया या धर्मादाय संस्थेच्या नावानेच तिकिटं निघत. लिस्बनला तर त्याच नावाच्या संस्थेची लॉटरी १७८३ पासून आहे. काम आधी आणि तिकीट मागाहून, असा तो क्रम. परळला के. ई. एम. आणि टाटा मेमोरियलच्या परिसरात नातेवाईक हातात फायली घेऊन एका ट्रस्टच्या दारातून दुसऱ्या ट्रस्टच्या दारात फिरताना रोज दिसतात. महाराष्ट्राने आपल्या एखाद्या साप्ताहिक सोडतीला अशा एखाद्या कामाचं नाव द्यावं, असं मला वाटतं. लोक अधिक तिकिटं घेतील म्हणून नव्हे. हिशेब विचारायला लोकांना जागा मिळेल म्हणून.

मोहल्ल्या-मोहल्ल्यांतल्या छोट्या सोडतींचं जग याहून वेगळं आहे. गणेशोत्सवात, दहीहंडीत, शाळेच्या आनंदमेळ्यात कूपनं खपवली जातात. पहिलं बक्षीस मोटरसायकल, मग मिक्सर, मग घड्याळं, आणि शेवटी उत्तेजनार्थ म्हणून स्टीलची भांडी. कायदा काय म्हणतो, हे विचारत कोणी बसत नाही. बक्षिसाच्या वस्तू बहुतेक वेळा पेठेतल्या व्यापाऱ्याने फुकट किंवा सवलतीत दिलेल्या असतात. त्यामुळे इथलं गणित टाउन हॉलच्या गणितापेक्षा उजवं असतं. खर्च कमी आणि तिकिटाचा बराचसा पैसा कामाकडे. शिवाय विकत घेणारा माणूस कार्यकर्त्याला ओळखतो. पुढच्या वर्षी पैसे कुठे गेले हे तो तोंडावर विचारतो.

आता पुन्हा आपल्या संस्थेकडे. इमारत झाली, पण संस्था चालते ती इमारतीवर नाही. पुस्तकं घ्यायची, बांधायची, वाळवीपासून जपायची, माणसांचे पगार द्यायचे, हा दरवर्षीचा खर्च. त्याला दरवर्षीचा पैसा लागतो आणि सोडतीला ही नियमितता जमत नाही. दोनशे वर्षं संस्था जगली ती सभासदांच्या वर्गणीवर, अधूनमधून आलेल्या देणग्यांवर आणि सरकारी अनुदानावर. १८४१ पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना नालासोपाऱ्याच्या स्तूपात सापडलेले अवशेष इथे आले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती का. त्रिं. तेलंग संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले, आणि वर्षभरातच गेले. १९५४ मध्ये लंडनशी असलेलं नातं संपून ‘एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ हे नाव आलं, आणि २००२ मध्ये ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ झालं. राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय बराच काळ याच संस्थेच्या हाताखाली होतं, ते १९९४ मध्ये वेगळं झालं. दुर्गाबाई भागवतांसारख्या कित्येकांचं अर्धं आयुष्य या वाचनालयात गेलं.

एल्फिन्स्टन यांनी दिलेलं दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चं जुनं हस्तलिखित संस्थेकडे आहे. ते परत मिळवण्यासाठी मुसोलिनीने दहा लाख पौंड देऊ केले होते आणि संस्थेने ते नाकारले, अशी कथा सांगतात. संस्थेच्या वाट्याला येऊ घातलेलं सर्वांत मोठं बक्षीस तेच असावं, आणि ते तिने घेतलं नाही. खजिनदार म्हणून मला त्या वेळच्या कार्यकारिणीची थोडी कीव येते आणि सभासद म्हणून अभिमान वाटतो. १५१६ सालचं सचित्र ‘आरण्यकपर्व’, नाणी, ताम्रपट, यांचीही किंमत अशीच कोणत्याही ताळेबंदात बसत नाही. त्यामुळे संस्थेच्या वार्षिक अहवालात मालमत्तेच्या बाजूला जे आकडे दिसतात, ते वाचून फसू नये.

आजची गरज कागदाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला कागद आम्लामुळे पिवळा पडतो, हात लावला की तुटतो. त्याआधीची चिंध्यांच्या कागदावरची पुस्तकं त्या मानाने ठणठणीत आहेत. दुरुस्ती हाताने, पान पान सुटं करून, जपानी कागद लावून करावी लागते, आणि एका जाड ग्रंथाला आठवडे लागतात. यासाठी संस्थेने ‘पुस्तक दत्तक घ्या’ अशी योजना काढली. कोणी एका पुस्तकाच्या दुरुस्तीचा खर्च द्यायचा, संस्थेने ते पुस्तक दुरुस्त करून पुन्हा कपाटात ठेवायचं. यात बक्षीस नाही आणि सोडतही नाही. दत्तक घेण्याजोगी पुस्तकं कोणती आणि प्रत्येकाला किती खर्च येईल, हे ग्रंथपालांकडे विचारलं की कळतं. कार्यालय हॉर्निमन सर्कलसमोर, ३० पायऱ्या चढून गेल्यावर.